रबर जळल्याचा वास
गाडीतून रबर जळल्यासारखा वास आला की गाडी बाजूला घ्यावी आणि वास कुठून येतोय ते आधी शोधावं. बॉनेटमधून येत असेल आणि सोबत चीं-चीं आवाज असेल, तर संशय बेल्टवर. सैल बेल्ट पुलीवर घसरतो आणि तापतो. इंजिन बंद करून, थंड झाल्यावर टॉर्च मारून पाहा. भेगा, काचेसारखी चकाकी किंवा तेलाचे डाग दिसले तर बेल्ट बदलायला झालाय. मात्र अल्टरनेटरचं बेअरिंग जाम असेल तर नवा बेल्टही जळेल, म्हणून मेकॅनिकला बेल्ट उतरवून पुल्या हाताने फिरवून बघायला सांगा. अनेक जण हे टाळतात.

खंबाटकी घाटात ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर गाडी धरून ठेवली की येतो तो वास क्लचप्लेटचा. थोडं थांबलं की जातो. सपाट रस्त्यावरही इंजिन ओरडतंय पण वेग वाढत नाही, तर प्लेट संपत आली.

एकच चाक जास्त तापलं असेल तर ब्रेक चिकटलाय. त्यावर गार पाणी ओतू नका, डिस्क वाकू शकते.

प्लास्टिकचा उग्र दर्प आणि धूर म्हणजे वायरिंग. तेव्हा इंजिन बंद करून सगळ्यांना आधी खाली उतरवा.