बाळाला घेऊन निघताना
पहिलं वर्ष : लेखांक ११

गेल्या आठवड्यात आपण तेल-पाणी आणि शेक-शेगडी यांबद्दल बोललो. आज उंबरठ्याबाहेर पडू.

आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या बाळाचा पहिला प्रवास दवाखान्यातून घरी होतो. सव्वा महिना घरात गेला की लसींच्या फेऱ्या सुरू होतात: दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, मग नऊ महिने. मध्येच आजोळहून बापाच्या घरी जाणं येतं, कुणाचं लग्न येतं, औंढ्याला नागनाथाच्या पायावर घालणं येतं. कधी ताप उतरत नाही म्हणून नांदेड गाठावं लागतं. हे सगळं होतं एसटीने, काळी-पिवळीने, ऑटोने, पूर्णा-अकोला मार्गावरच्या रेल्वेने, भाड्याच्या जीपने आणि सगळ्यात जास्त मोटारसायकलने. बाळाच्या वस्तूंची निवड करताना सुरुवात इथून करायला हवी. आपलं बाळ कशात बसून जाणार आहे, हे ठरल्याशिवाय दुकानात जाऊ नका. हौसेने घेतलेली बाबागाडी अनेक घरांत आठ दिवसांत माळ्यावर जाते. तेवढ्याच पैशात आईचे दोन्ही हात मोकळे करणारी वस्तू आली असती.

ती वस्तू म्हणजे बाळाला छातीशी बांधायचा पट्ट्यांचा कॅरियर. आपल्याकडच्या प्रवासासाठी एकच वस्तू घ्यायची झाली, तर मी हीच सांगेन. एसटीच्या पायऱ्या उंच असतात. कडेवर बाळ, खांद्यावर पिशवी आणि एका हाताने दांडा धरून चढणाऱ्या आईला तिसरा हात नसतो. कॅरियरमुळे तो मिळतो. हे साहेबी खूळ आहे असं काही आजींना वाटतं, पण त्याचा उगम उलट बाजूचा आहे. १९६०च्या दशकात अ‍ॅन मूर नावाची अमेरिकन परिचारिका पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशात कामाला होती. तिथल्या आया पाठीशी कापडाने बाळ बांधून बाजारहाट करत आणि बाळं शांत असत, हे तिने पाहिलं. मायदेशी परतल्यावर तिने आपल्या मुलीसाठी तसंच काहीतरी शिवून घेतलं आणि १९६९मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणाऱ्या आपल्या बायकाही पिढ्यान् पिढ्या बाळ अंगाशी बांधत आल्या आहेत.

कॅरियर घेताना आधी अंगावर चढवून बघा. बाळंतीण साडी नेसत असेल तर साडीवर, नाहीतर पंजाबी ड्रेसवर. तो घालून खुर्चीत बसा, वाका, पुन्हा उठा. कमरेचा पट्टा रुंद हवा, म्हणजे वजन खांद्यावर न येता कमरेवर येतं. बाळाची बैठक एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत पसरलेली हवी. गुडघे बुडापेक्षा किंचित वर राहायला हवेत, बेडकासारखे. पाय नुसते खाली लोंबत असतील तर तो कॅरियर स्वस्त असला तरी नको, कारण त्या वयात खुब्याचा सांधा अजून घडत असतो. आपल्या उन्हाळ्यात जाड फोमचा कॅरियर म्हणजे आई आणि बाळ दोघांनाही घामोळं. सुती किंवा जाळीच्या कापडाचा घ्या. किती वजनापासून चालतो हे लेबलवर छापलेलं असतं, तेही वाचा. बरेचसे कॅरियर साडेतीन किलोच्या पुढचे असतात आणि आपल्याकडची कितीतरी बाळं अडीच किलोची जन्मतात.

चार महिन्यांच्या आतल्या बाळाबाबत मात्र डोळ्यांत तेल घालायला हवं. त्याची मान धरलेली नसते. हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाट चेपते आणि बाळ रडतही नाही, गपगार होतं. पिशवीसारख्या खोल झोळ्यांबद्दल अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २०१०मध्ये जाहीर इशारा दिला तो याच कारणाने. कॅरियर असो की साडीची झोळी, नियम एकच: बाळाचं तोंड आणि नाक आपल्याला सतत दिसलं पाहिजे, आणि हनुवटी व छाती यांच्यामध्ये दोन बोटं मावली पाहिजेत. बाळ इतकं वर असावं की मान किंचित झुकवली की त्याच्या टाळूचा पापा घेता येईल. वारा लागतो म्हणून बाळाच्या तोंडावरून पदर किंवा स्कार्फ गुंडाळायची सवय आपल्याकडे फार आहे. ती सोडायलाच हवी. कान झाकायला टोपडं पुरतं.

झोळीचं नाव निघालंच आहे तर तिच्याबद्दलही सांगते. लग्नाच्या मांडवात, शेताच्या बांधावर, रेल्वेच्या डब्यात झोळीसारखी सोय नाही. धुवायला सोपी, घडी केली की पिशवीच्या कोपऱ्यात मावते. जाणत्या बायका वरच्या बाजूला आडवी काठी घालून कापड फाकवतात. ती काठी फार शहाणपणाची आहे, तिच्यामुळे कापड बाळाच्या तोंडावर मिटत नाही. रेल्वेत वरच्या बर्थना झोळी बांधणार असाल तर ती खालच्या बर्थच्या अगदी जवळ, हातभर उंचीवर बांधा, आणि एक माणूस जागं राहू द्या. उत्तर रेल्वेने मे २०२२मध्ये लखनौ मेलच्या डब्यात खालच्या बर्थला जोडलेला छोटा ‘बेबी बर्थ’ प्रयोग म्हणून बसवला होता. आपल्या मार्गावर रुळांचं रुंदीकरण होऊन २००८पासून मोठ्या गाड्या धावू लागल्या, पण बाळ अजून आईच्या कुशीतच झोपतं. तेव्हा खालचा बर्थ मागून घ्या आणि बाळाला भिंतीच्या बाजूला ठेवा.

आता बाबागाडी. १९६५ साली ओवेन मॅक्लेरन या विमान अभियंत्याने छत्रीसारखी मिटणारी हलकी बाबागाडी तयार केली. फूटपाथ, लिफ्ट आणि सपाट फरशी असलेल्या शहरांत ती घरोघर गेली. पुण्यात, हैदराबादेत राहणाऱ्या लेकीला ती जरूर उपयोगी पडेल. हिंगोलीच्या बाजारपेठेत मात्र ती चालवायला जागा कुठे आहे? रस्त्याच्या कडेला नाली, नालीला लागून उभ्या मोटारसायकली, आणि बाबागाडीतल्या बाळाचं नाक येतं नेमकं सायलेन्सरच्या उंचीला. औंढ्याच्या देवळात महाशिवरात्रीला पाय ठेवायला जागा नसते. तिथलं लिंग जमिनीखालच्या गाभाऱ्यात आहे आणि अरुंद वाटेने खाली उतरावं लागतं. तिथे बाबागाडी तर नकोच, तान्ह्या बाळालाही त्या गाभाऱ्यात नेऊ नये. बाहेरून नमस्कार करवा, नागनाथाला तेवढं पोचतं. दसऱ्याच्या गर्दीत, रामलीला मैदानावरच्या प्रदर्शनातही हाच हिशेब. तरीही बाबागाडी घ्यायचीच असेल तर पाठ पूर्ण आडवी होणारी, मोठ्या चाकांची, पाच पट्ट्यांची आणि पक्क्या ब्रेकची घ्या. ऊन लागतं म्हणून तिच्यावर ओढणी अंथरू नका, आतली हवा कोंडून भट्टी तापते.

कारबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण इथे आपली प्रेमाची पद्धतच घातक आहे. बाळंतिणीला मानाने पुढच्या सीटवर बसवतात आणि बाळ तिच्या मांडीवर देतात. अकोला-हिंगोली-नांदेड महामार्ग आता मोठा झाला आहे, गाड्या सुसाट धावतात. ताशी ५० किलोमीटर वेगात धडक झाली तर पाच किलोचं बाळ त्या क्षणी साधारण शंभर किलोच्या ओढीने पुढे फेकलं जातं. कुठलीही आई, तिचा जीव कितीही गुंतलेला असो, ते हातांनी धरू शकत नाही. वरून समोरची एअरबॅग फुटते ती थेट बाळावर. बाळ आणि आई दोघंही मागच्या सीटवर हवीत, आणि बाळ त्याच्या स्वतःच्या सीटमध्ये. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-बप्रमाणे चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन न लावता नेलं तर एक हजार रुपये दंड आहे.

तान्ह्या बाळाची कार सीट गाडीच्या मागच्या दिशेला तोंड करून बसवायची असते, म्हणजे धक्का बसला तर डोकं, मान आणि पाठ सगळ्याला मिळून आधार मिळतो. निदान सव्वा वर्षाचं होईपर्यंत ती तशीच ठेवा. सीटवर आपल्याकडच्या एआयएस ०७२ किंवा युरोपातल्या आर ४४, आर १२९ यांपैकी एका मानकाची खूण शोधा. ती नसेल तर ते नुसतं गादीचं खेळणं आहे. विकत घेण्याआधी सीट गाडीत बसवून बघा. जुन्या जीपना मागे फक्त कमरेचा पट्टा असतो, कितीतरी सीट त्यात बसत नाहीत. पट्टे बाळाच्या खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यावेत आणि इतके ताठ असावेत की बोटांच्या चिमटीत धरता येऊ नयेत. दुलईत गुंडाळलेल्या बाळावरून पट्टा लावू नका, आधी पट्टा, मग वरून दुलई. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीतली बकलं चटके देतात, हात लावून बघूनच बाळाला बसवा. मुक्कामी पोचलात की बाळाला सीटमधून काढून आडवं झोपवा.

कार सीट महाग असते, हे मला माहीत आहे. वर्षातून चार वेळा भाड्याच्या गाडीने जाणाऱ्या घराने ती एकट्याने घ्यावी असं मी म्हणणार नाही. जावा-जावांनी, मावस-चुलत बहिणींनी मिळून एक घ्यावी आणि फिरवावी, पाळणा फिरतो तशी. अट एवढीच की तिचा कधी अपघात झालेला नसावा आणि तिची मुदत संपलेली नसावी. बारशाला दहा झबली आणि पाच चांदीचे वाळे आणण्यापेक्षा आत्या-मामांनी वर्गणी काढून ही एक वस्तू दिली तर बाळंतविडा सार्थकी लागेल.

पिशवीत काय असावं हे घरातल्या बाईला सांगायला नको, म्हणून थोडक्यात लिहिते. जुन्या सुती साडीचे धुतलेले तुकडे, लंगोट, मेणकापडाचा चौकोन, दोन झबली, टोपडं, लसीचं कार्ड. लांबच्या प्रवासाला दोन-चार डायपर घ्यायला हरकत नाही, घरी पोचल्यावर काढून टाका. संध्याकाळच्या प्रवासात छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी हवीच. सरकारी दवाखान्यात पहिलं बाळंतपण झालेल्यांसाठी राज्याने २०१९मध्ये बेबी केअर किट योजना सुरू केली. त्या पेटीत मच्छरदाणी, छोटी गादी आणि थर्मामीटर आहे, तेव्हा विकत घेण्याआधी अंगणवाडीताईंना विचारा.

दुधाच्या बाटलीला पिशवीत जागा देऊ नका. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही लागत नाही, बेचाळीस अंशांच्या उन्हातही पाणीसुद्धा नाही. फक्त जास्त वेळा पाजायचं. एसटीच्या अनेक स्थानकांवर पाजण्यासाठी हिरकणी कक्ष आहेत. कुलूप असेल तर नियंत्रकांकडून किल्ली मागा, लाजू नका. बाळाच्या बाटल्यांची आणि डब्याच्या दुधाची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२च्या कायद्याने बंदी आहे, ती उगाच नाही. प्रवासात बाटली नीट उकळता येत नाही आणि जुलाब तिथूनच लागतात. डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलंच असेल तर कोरडी पावडर वेगळी, उकळलेलं पाणी थर्मासमध्ये वेगळं, आणि पाजताना बोंडलं किंवा वाटी-चमचा. उरलेलं दूध फेकून द्या.

जिल्ह्यातली बरीच कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडतात. त्यांना कॅरियर आणि कार सीट सांगणं बरोबर होणार नाही. त्यांच्यासाठी तीन वस्तू: मच्छरदाणी, झोळीची काठी, आणि प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं लसीचं कार्ड. ते कार्ड दाखवलं की सांगली असो की कर्नाटक, कुठल्याही सरकारी दवाखान्यात पुढची लस मोफत मिळते. आणि मुकादमाला एक सांगा, बाळ असलेल्या बाईला ट्रॉलीतल्या सामानाच्या वर बसवू नका.

उरली मोटारसायकल. केंद्राच्या नियमाप्रमाणे १५ फेब्रुवारी २०२३पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालवणाऱ्याशी जोडलेला सुरक्षा पट्टा आणि हेल्मेट लागतं, वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नसावा. असा पट्टा घेताना तो तीस किलो वजन पेलणारा आहे का ते बघा. नऊ महिन्यांखालच्या बाळासाठी मात्र दुकानात विकत घेण्यासारखं काहीच नाही. छातीशी बांधायचा कॅरियर इथे उपयोगाचा नाही, गाडी घसरली तर आईचा भार बाळावर येतो. हेल्मेटचं ओझं त्या मानेला पेलत नाही. मांडीवर आडवं धरलेलं बाळ एका खड्ड्यात निसटतं.

म्हणून लसीच्या दिवशी मोटारसायकल घरी राहू द्या. एसटीत बाळाला तिकीट नाही आणि मार्च २०२३पासून आईला अर्धं आहे. एसटीची वेळ जमत नसेल तर ऑटो करा. रात्री-अपरात्री वर्षाच्या आतलं आजारी बाळ सरकारी दवाखान्यात न्यायचं असेल तर १०२ला फोन लावा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात ती गाडी मोफत आहे, परत घरी सोडण्यासाठीसुद्धा. हा आकडा आज बाळाच्या वडिलांच्या मोबाइलमध्ये आणि लसीच्या कार्डावर लिहून ठेवा.

पुढच्या आठवड्यात : सहा महिने पूर्ण झाल्यावरचं पहिलं अन्न.