डबा बदला, देऊळ बदला!

वीकेण्डला कुणी लोणावळ्याला जातं, कुणी मॉलमध्ये. मी मात्र गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून खामगावला गेलो, आणि सॅकमध्ये होते पत्र्याचे तीन डबे. सॅक मांडीवर घेतली की आतून 'झ्ग्यांऽऽग' असा आवाज यायचा. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "काय आहे?" म्हटलं, "रिव्हर्ब टँक." ते जरा सरकूनच बसले!

तर हा रिव्हर्ब म्हणजे घुमारा. देवळात, विहिरीत आवाज देऊन बघा, तो मागे रेंगाळतो ना, तोच. स्टुडिओत तो आणायचा तर पूर्वी मोठी खोली लागायची. मग युक्ती निघाली. टेलिफोनच्या लांब पल्ल्याच्या लाइनमधला विलंब अभ्यासण्यासाठी अमेरिकेतल्या बेल लॅब्जने स्प्रिंगा वापरल्या होत्या, त्यावरून लॉरेन्स हॅमंडने आपल्या ऑर्गनमध्ये त्या बसवल्या. १९६१मध्ये फेंडर कंपनीने व्हॉल्व्हवर चालणारा स्वतंत्र रिव्हर्बचा डबाच बाजारात आणला. त्याच्यावर बटणं तीन: ड्वेल, टोन, मिक्स. कॅलिफोर्नियाच्या सर्फ गिटारवाल्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. तिकडे जमैकात किंग टबी नावाच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाने स्प्रिंगांच्याच घुमाऱ्यावर 'डब' संगीत फुलवलं.

रेडिओ दुरुस्त करणारा माणूस! इथेच मला आमचे काका आठवले. चांदीच्या बाजारासाठी नावाजलेल्या खामगावात काकांनी आयुष्यभर फक्त सोल्डरची चांदी केली. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली. पण घरच्या फळीवर भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने व्हॉल्व्ह अजून खोक्यात झोपलेत. फोनवर आयडिया सांगितली. पलीकडे शांतता. मग, "ये घेऊन. पाहू."

रेडिओचा पुनर्जन्म

आमचं युनिट साधं. एक १२एएक्स७ आवाज उचलतो, ईसीएल ८२ त्याला ताकद देतो. जुन्या रेडिओतल्या ज्या ट्रान्सफॉर्मरने एकेकाळी स्पीकर हलवला, तोच आता स्प्रिंग हलवतो. डब्याच्या एका टोकाला कॉइल आहे, ती इवल्याशा चुंबकाला पिळ देते. तो पिळ स्प्रिंगमधून पळत दुसऱ्या टोकाला जातो, आदळून परत येतो, पुन्हा जातो. १७ इंची डब्यात एका फेरीला तीसेक ते चाळीसेक मिलिसेकंद लागतात. एवढ्या वेळात हवेतला आवाज १०-१४ मीटर जातो. म्हणजे हातभर डब्यात अख्खा सभामंडप! स्प्रिंगा दोन-तीन असतात आणि प्रत्येकीचा वेग वेगळा, त्यामुळे घुमारा एकसुरी होत नाही.

मला हवे होते तीन डबे आणि एक फिरवायचा स्विच. एक: १७ इंची, दोन स्प्रिंगांचा, खूप वेळ घुमणारा. दोन: तितकाच लांब, पण तीन स्प्रिंगांचा आणि मध्यम. तीन: ९ इंची, छोटा. काका म्हणाले, "तीन कायले? एक नीट वाजव ना बावा." ऐकतो कोण!

पहिली फजिती गणपतीतच झाली होती. एक डबा जोडला तर आवाज मुंगीएवढा. डब्यावरच्या नंबरातलं एक अक्षर इनपुटचा रोध सांगतं, ते मी वाचलंच नव्हतं. आमच्या ट्रान्सफॉर्मरला ८-१० ओहमचा डबा लागत होता, मी आणला होता ६००चा. दुसरी फजिती स्विचची. जाणारी आणि येणारी वायर मी एकाच पट्टीवर शेजारी-शेजारी आणल्या. येणारा सिग्नल अगदी नाजूक, जाणारा दांडगा. युनिट शिट्ट्या मारायला लागलं. काकांनी येणाऱ्या बाजूला जाळीची वायर घातली, वेगळी पट्टी दिली, आणि डब्याचं ते टोक पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून लांब फिरवलं. गुरगुर गायब!

तिसरी वेळ फजितीची नव्हती, भीतीची होती. प्लग काढला म्हणून मी चेसिसमध्ये बोटं घातली. काकांनी फाडकन हातावर मारलं. मग मीटर लावून दाखवला. कपॅसिटरमध्ये अजून अडीचशेच्या वर व्होल्ट बसले होते. ते एवढंच म्हणाले, "घरात एक गेली तेवढी पुरे." त्यानंतर मी दहा मिनिटं काही बोललो नाही.

करून पाहायचंय?

• प्लग काढल्यावरही कपॅसिटर रेझिस्टरने रिकामा करा, मीटरवर शून्य बघा, मगच हात घाला. शिकवणारं कुणी शेजारी नसेल तर व्हॉल्व्हच्या नादी लागू नका.

• इनपुटच्या बाजूला असा स्विच घ्या, जो पुढच्या टप्प्याला टेकल्यावरच मागचा सोडतो. नाहीतर ट्रान्सफॉर्मर क्षणभर बिनलोडचा राहतो.

• डबा बदलण्याआधी ड्वेल आणि मिक्स शून्यावर. नाहीतर 'फट्ट' ऐका!

आणि मग कॅसेट

भाऊबीजेच्या रात्री काकांनी कपाटातून एक कॅसेट काढली. १९९४ची, घरच्या टू-इन-वनवर भरलेली. काकूंचं भजन, मागे पंख्याची घरघर. आवाज कोरडा, खोलीतला. "देवळात ती अशी वाटत नव्हती," काका म्हणाले. तेव्हा कळलं, ते ट्रान्सफॉर्मर शोधायला दोन दिवस माळ्यावर का चढत होते.

पहिला डबा लावला. काकू एकदम गाभाऱ्यात गेल्या, पण शब्द एकमेकांच्या अंगावर पडायला लागले. "हे विहिरीतलं झालं," काका म्हणाले. तिसरा लावला, काकू न्हाणीघरात. दुसरा लावला आणि मिक्स हळूहळू वाढवत नेला. एका जागी काकांनी माझं बोट धरलं. "थांब. इथं. आता शब्द बी कळते."

बाजू संपेपर्यंत आम्ही तसेच बसलो. मग त्यांनी पेन्सिल घेऊन बटणाशेजारी एक ठिपका काढला.

पुण्यात मित्र विचारतात, तीन डब्यांचं युनिट बनवलंस, मग खामगावला कशाला ठेवलंस? काय सांगणार! स्विचला टप्पे तीन आहेत. काका दुसऱ्यावरून हलवू देत नाहीत.