गाणं लिहिलं एकानं, मालकी दुसऱ्याची

रेकॉर्डवरच्या एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक, शब्द आणि चाल. दुसरी, स्टुडिओत झालेलं ध्वनिमुद्रण. धंद्यातले लोक त्याला 'मास्टर' म्हणतात. पहिलीचे हक्क बहुधा प्रकाशकाकडे, दुसरीचे रेकॉर्ड कंपनीकडे. 1971 साली आइक आणि टीना टर्नर यांनी 'प्राउड मेरी' गायलं तेव्हा मास्टर नवं झालं, पण गाण्याचे हक्क जुन्याच हातात राहिले.

ते गाणं लिहिलं होतं कॅलिफोर्नियाच्या जॉन फोगर्टीनं. त्याच्या क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या बँडनं 1969 या एकाच वर्षात तीन अल्बम काढले. बहुतेक गाणी तोच लिही, तोच गाई. प्रकाशनहक्क मात्र तो फॅन्टसी रेकॉर्ड्सला देऊन बसला होता. 1972 मध्ये बँड फुटला. पुढे कित्येक वर्षं त्यानं आपलीच ती गाणी मंचावर म्हटली नाहीत. गाणं वाजलं की प्रकाशकाचा वाटा फॅन्टसीच्या खिशात जाणार, हे त्याला सहन होईना.

1985 मध्ये दुसऱ्या कंपनीतर्फे त्याचं 'द ओल्ड मॅन डाउन द रोड' गाजलं आणि फॅन्टसीनं दावा ठोकला: ही आमच्या 'रन थ्रू द जंगल'ची नक्कल आहे. गंमत म्हणजे 1970 चं ते गाणंही फोगर्टीचंच! पण कायद्याला यात वावगं काही नाही. हक्क विकले की मूळ लेखकही परकाच. 1988 मध्ये फोगर्टी गिटार घेऊन साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बसला आणि आपण गाणं कसं रचतो ते त्यानं ज्युरीला वाजवून दाखवलं. धाटणी एकच असली म्हणून चाल एक होत नाही, आणि धाटणीवर कॉपीराइट नसतो. ज्युरीनं त्याच्या बाजूनं कौल दिला.

वकिलांचा खर्च मात्र खालच्या न्यायालयांनी नाकारला. दावा करणारा जिंकला तर त्याला खर्च सहज मिळे; प्रतिवादीला मात्र दावा बिनबुडाचा किंवा खोडसाळ होता हे दाखवावं लागे. 1994 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं दोघांना एकच माप लावलं. माझ्या मते फोगर्टीची ही कमाई कुठल्याही हिट गाण्याइतकीच मोलाची आहे.

फॅन्टसी 2004 मध्ये कॉनकॉर्ड या संगीत कंपनीच्या ताब्यात गेली. क्रीडन्सच्या आपल्या गाण्यांच्या प्रकाशनहक्कांतला मोठा हिस्सा फोगर्टीनं 2023 मध्ये, वयाच्या 77व्या वर्षी, त्यांच्याकडून विकत घेतला.