हेडफोन चांगलेच आहेत, माइक बदला!

लॅपटॉपवर अभंग छान वाजत असतो. मीटिंगची वेळ झाली म्हणून ॲप उघडावं, तर त्याच हेडफोनमधून जुन्या ट्रंक कॉलसारखा घोगरा, चेपलेला आवाज येऊ लागतो. मग माणसं हेडफोन पुन्हा पेअर करतात, ड्रायव्हर बदलतात, शेवटी दुकानदाराशी भांडतात. बहुतेक वेळा हेडफोनमध्ये काहीच बिघडलेलं नसतं.

ब्लूटूथवरून आवाज पाठवायच्या नेहमीच्या दोन पद्धती आहेत. गाण्यासाठीची पद्धत एटूडीपी. तिच्यात आवाज लॅपटॉपकडून कानाकडेच जातो, पण दोन्ही कानांना वेगळा आणि भरदार. दुसरी एचएफपी. ती मुळात गाडीत हात मोकळे ठेवून फोनवर बोलता यावं म्हणून आखलेली. तिच्यात आवाज दोन्ही दिशांनी जातो. त्यासाठी स्टिरिओ सोडावा लागतो आणि दर्जाही. जुन्या प्रकारात आवाजाचे सेकंदाला फक्त ८,००० नमुने घेतले जातात, सुधारित प्रकारात १६,०००. जितके नमुने, त्याच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचाच आवाज टिकतो. म्हणजे जुन्या प्रकारात ४,००० हर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं. तरुण माणसाचा कान साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. टाळांची किणकिण हरवते आणि समोरचा ‘स’ म्हणाला की ‘फ’ हे कळेनासं होतं, ते यामुळे.

एखाद्या ॲपने हेडफोनचा माइक मागितला, की लॅपटॉप तुम्हाला न विचारता दुसऱ्या पद्धतीवर उडी मारतो. तेव्हा उपाय सोपा: मीटिंगच्या ॲपमधल्या ऑडिओ सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून हेडफोन ठेवा आणि माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा निवडा. गाण्याचा दर्जा परत येतो. तुमचा आवाजही पलीकडे अनेकदा जास्त स्वच्छ पोचतो, कारण तोही आता त्या अरुंद वाटेने जात नाही. डोक्यावर पंखा घरघरत असेल, तर मात्र लॅपटॉपचा माइक तोही इमानाने पोचवतो. अशा वेळी यूएसबीचा साधा माइक घ्यावा.

विंडोज १० मध्ये एकच हेडफोन ‘स्टिरिओ’ आणि ‘हँड्स-फ्री’ अशा दोन नावांनी दिसतो. लोकांचा निम्मा गोंधळ इथे होतो आणि त्यात त्यांचा दोष नाही. माइक चालू असताना ‘स्टिरिओ’ निवडलं, तर अनेकदा काहीच ऐकू येत नाही. मीटिंग संपूनही आवाज सुधारला नाही, तर कुठलं तरी ॲप किंवा ब्राउझरचा एखादा टॅब माइक धरून बसलेला असतो. विंडोजमध्ये घड्याळाजवळ माइकचं चिन्ह दिसतं, मॅकवर नारिंगी ठिपका. ते ॲप किंवा तो टॅब बंद करा.

आवाज तुटक येत असेल, तर कारण वेगळं. ब्लूटूथ, बरेचसे वायफाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हन २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच वावरतात. राउटरवर ५ गिगाहर्ट्झची सोय असेल, तर लॅपटॉप तिथे जोडा. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क किंवा हबसुद्धा याच पट्ट्यात गोंगाट करतो; इंटेलने २०१२ मध्येच ते दाखवून दिलं होतं. ती लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावून पाहा.

चित्र आधी आणि आवाज मागून, ही तक्रार सिनेमात फारशी येत नाही, कारण ब्लूटूथवर आवाजाला जेवढा उशीर होतो, तेवढंच प्लेअर चित्रही थांबवतो. गेममध्ये मात्र ती टळत नाही. लॅपटॉपवर ट्रॅक लावून गाणं ध्वनिमुद्रित करणाऱ्यांनी तर सरळ वायरचे हेडफोन घ्यावेत.

मूळ दुखण्यावर खरा उतारा आहे एलई ऑडिओ. २०२० मध्ये जाहीर झालेल्या या पद्धतीत माइक चालू असतानाही स्टिरिओ टिकू शकतो आणि विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांमध्ये ती सोय आली आहे. पण त्यासाठी लॅपटॉप आणि हेडफोन दोन्ही त्या जातीचे हवेत. खोक्यावर नुसतं ‘ब्लूटूथ ५.३’ लिहिलेलं असेल, तर तेवढ्यावर भुलू नका. ‘एलई ऑडिओ चालतं का?’ हे दुकानात स्पष्ट विचारा.