सहाव्या दिवसाचा ताप कोणाच्या खात्यावर?

समजा, अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलात बेचाळीस वर्षांच्या बाईंची वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झाली. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. दुर्बिणीतून जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकला, उरली ती केळ्याच्या आकाराची नळी, कडेनं स्टेपल मारलेली. दोन दिवसांत बाई घरी. सहाव्या दिवशी ताप, डाव्या खांद्यात कळ, नाडी १२४. पुन्हा भरती. सीटी स्कॅनमध्ये स्टेपलच्या रेषेच्या वरच्या टोकाशी काहीतरी साचलेलं दिसलं. ड्रेन घालून ते काढलं, अँटिबायोटिक्स दिली, बाई बऱ्या झाल्या. डिस्चार्ज समरीत डॉक्टरांनी लिहिलं, ‘पोस्ट-ऑप कलेक्शन, ड्रेन घातला.’

बाईंचं दुखणं तिथं संपलं. कागदांचं तिथून सुरू होतं.

हा चार्ट आता कोडरकडे जातो. तो कोडर चेन्नई, हैदराबाद किंवा पुणे-नवी मुंबईतल्या एखाद्या ऑफिसात बसलेला असण्याची शक्यता बरीच आहे. बी.फार्म., फिजिओथेरपी, मायक्रोबायोलॉजी केलेली आपली कितीतरी मुलं याच कामावर स्थिरावली आहेत. चार्ट वाचायचा आणि प्रत्येक आजाराला, प्रत्येक प्रक्रियेला ठरलेला कोड लावायचा. बिल त्यावर ठरतं, हॉस्पिटलची कामगिरी त्यावर मोजली जाते आणि उद्याच्या संशोधनाची आकडेवारीही त्यातूनच निघते.

अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१०-सीएम ही कोडावली चालते. तिच्यात वजनाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतींसाठी के९५ हा वेगळा गट आहे. त्याच्या दोन फांद्या : जठराला पट्टा बांधण्याची शस्त्रक्रिया आणि ‘इतर’. प्रत्येकीत पुन्हा दोन : जंतुसंसर्ग आणि बाकीचं सगळं. ही विभागणी पट्ट्याची चलती असताना आखलेली. आज सर्वांत जास्त होते ती स्लीव्ह, आणि ती बसते ‘इतर’मध्ये!

आता आपल्या बाईंचा चार्ट. डॉक्टरांनी ‘स्टेपलच्या रेषेतून गळती’ लिहिलं असतं तर के९५.८९. ‘शस्त्रक्रियेमुळे झालेला जंतुसंसर्ग’ लिहिलं असतं तर के९५.८१, शिवाय जंतू कोणता, सेप्सिस झालं का, याचे जोडकोड वेगळे. पण त्यांनी लिहिलं ‘पोस्ट-ऑप’. त्यावरून कधी झालं ते कळतं, कशानं झालं ते कळत नाही. अमेरिकेची अधिकृत कोडिंग मार्गदर्शक तत्त्वं इथं ठाम आहेत. शस्त्रक्रियेनंतर घडलेलं सगळंच गुंतागुंत म्हणून नोंदवायचं नाही. कार्यकारणसंबंध हवा आणि तो उपचार करणाऱ्याच्या नोंदीतून दिसायला हवा. नाडी, ताप, स्कॅन सगळं एकाच दिशेनं बोट दाखवत असलं तरी कोडरनं स्वतः निदान करायचं नाही.

मग तो डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे लेखी प्रश्न पाठवतो. त्या क्वेरीची शिस्त मला फार आवडते. उत्तर सुचवणारा प्रश्न विचारायचा नाही. चार्टमधल्या खुणा समोर ठेवायच्या, एकापेक्षा जास्त पर्याय द्यायचे, त्यात ‘अन्य’ आणि ‘सांगता येत नाही’ हेही ठेवायचे. आणि या उत्तरानं बिल वाढेल की घटेल, याचा चकार शब्द काढायचा नाही.

डॉक्टर मात्र बिचकतात. ‘गुंतागुंत’ लिहिलं की चूक कबूल केल्यासारखं वाटतं. खरं तर तो शब्द लिहिलाच पाहिजे असं नियम म्हणत नाही. संबंध स्पष्ट असला की पुरे. गळती उत्तम सर्जनच्या हातूनही होते, आणि कोडावलीत निष्काळजीपणाचा रकाना नाही. पण भीती अगदीच निराधार नाही, कारण मागं पैसा आहे. २००८ च्या ऑक्टोबरपासून मेडिकेअर ही सरकारी विमा योजना हॉस्पिटलात भरती असतानाच उद्भवलेल्या काही गोष्टींचे जादा पैसे देत नाही. वजनाच्या शस्त्रक्रियेनंतर त्या जागी होणारा जंतुसंसर्ग त्या यादीत आहे. म्हणून प्रत्येक निदानापुढं ‘भरती होताना होतं का?’ याचंही उत्तर नोंदवावं लागतं. आपल्या बाई संसर्ग घेऊनच पुन्हा भरती झाल्या, तेव्हा ‘हो’. हाच ताप पहिल्या भरतीत दुसऱ्या दिवशी चढला असता तर ‘नाही’, आणि हिशेब पालटू शकला असता. सर्जनची गोष्ट वेगळी. मेडिकेअरच्या हिशेबात मोठ्या शस्त्रक्रियेनंतरच्या ९० दिवसांतली गुंतागुंत त्यानं मूळ फीमध्येच निस्तरायची असते. ऑपरेशन थिएटरमध्ये परत न्यावं लागलं तरच वेगळं बिल.

वजनाच्या शस्त्रक्रियेनंतरचं सगळंच के९५ मध्ये जातं असंही नाही. बायपासनंतर, म्हणजे जठराचा छोटा भाग थेट आतड्याला जोडण्याच्या शस्त्रक्रियेनंतर, जोडाशी होणारा अल्सर के९५ मध्ये न जाता के२८ मध्ये जातो, तोही नवा की जुना, रक्तस्राव आहे का, छिद्र पडलंय का, हे लिहिलं असेल तरच नेमका. जेवणानंतर घाम, धडधड, जुलाब देणाऱ्या डम्पिंगला के९१.१.

आपल्याकडे विमा क्लेमवर जागतिक आरोग्य संघटनेचे आयसीडी-१० कोड घालतात. त्या मूळ कोडावलीत के९५ नाहीच. तो अमेरिकेनं स्वतःसाठी जोडलेला गट. त्यामुळं इथं भिस्त समरीतल्या वाक्यांवर. मुळात शस्त्रक्रियाच पॉलिसीत बसते का, हा पहिला प्रश्न. विमा नियामक आयआरडीएआयच्या प्रमाणित अपवादांनुसार वय किमान १८, डॉक्टरांचा सल्ला आणि बीएमआय ४० किंवा अधिक. किमान ३५ असेल तर सोबत हृदयविकार, गंभीर स्लीप अ‍ॅप्निया, आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह असं काही, तेही साधे उपाय करून झाल्यावर. (आशियाई लोकांना २७.५ पासून शस्त्रक्रिया सुचवावी, असं सर्जनांच्या अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये सांगितलं. पॉलिसीच्या कागदाला ते अजून ठाऊक नाही.) तेव्हा उंची, वजन, आधी केलेले उपाय, सोबतचे आजार हे सगळं शस्त्रक्रियेआधीच्या तारखांनिशी फाइलमध्ये हवं.

आणि ऑपरेशन नोट. डिस्चार्ज कार्डावर अनेकदा नुसतं ‘बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरी’ असतं, तेवढं पुरत नाही. बायपास झालेल्या माणसाच्या पोटात वर्षा-दोन वर्षांनीही आतड्याचा पीळ पडू शकतो. सतत उलट्या होत असतील तर बी१ जीवनसत्त्व संपून मेंदूवर परिणाम होऊ शकतो, आणि अशा वेळी ते न देता नुसतं ग्लुकोजचं सलाइन चढवलं तर हाल वाढतात. रात्रपाळीच्या डॉक्टरनं त्या दिशेनं विचार करायला नेमकी कोणती शस्त्रक्रिया, कधी झाली, हे त्याला कळावं लागतं. ऑपरेशन नोटची प्रत हॉस्पिटलकडं मागता येते; डिस्चार्जच्या दिवशीच मागून ठेवावी.