पुळणीवरची धावपट्टी

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, आउटर हेब्रिडीज बेटांच्या माळेत दक्षिणेकडे बॅरा नावाचं बेट आहे. वस्ती हजार-बाराशेची. बेटाच्या उत्तर भागात ट्राय व्होर नावाची रुंद, पांढुरकी पुळण पसरली आहे. तिच्या काठावर एक पाटी लावलेली आहे. वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक फडकत असेल आणि विमानतळ चालू असेल, तर पुळणीवर उतरू नका, असं ती बजावते. पुळणीवर उतरणाऱ्यांत शिंपले गोळा करणारे बरेच असतात. इथले कॉकल नावाचे शिंपले प्रसिद्ध आहेत. ते कोकणातल्या तिसऱ्यांचे दूरचे भाऊबंद. ओहोटी लागली की बादल्या घेऊन लोक वाळू उकरायला येतात, आणि त्याच ओहोटीला ग्लासगोहून विमानही येतं. पुळण हीच इथली धावपट्टी.

जगात समुद्रकिनाऱ्यावर उतरणारी विमानं पुष्कळ आहेत, पण त्यातली बहुतेक हौशी वैमानिकांची. वेळापत्रक छापून, तिकिटं विकून प्रवासी विमानसेवा पुळणीवर चालवणारा विमानतळ म्हणून बॅराचं नाव घेतलं जातं. 1936 पासून हे सुरू आहे. आज हा विमानतळ ‘हायलँड्स अँड आयलँड्स एअरपोर्ट्स’ ही सरकारी कंपनी चालवते आणि विमानं लोगनएअरची असतात. ग्लासगोपासून बॅरापर्यंत सव्वा तासाच्या आतबाहेर वेळ लागतो. दिवसाला एखाद-दुसरी फेरी. एवढ्या मोजक्या विमानांसाठी जगभरातून माणसं कॅमेरे गळ्यात अडकवून या बेटावर येतात.

धावपट्ट्या तीन आहेत. त्रिकोणात आखलेल्या. डांबर नाही, काँक्रीट नाही, दिवे नाहीत. टोकं कळावीत म्हणून लाकडी खांब रोवलेले. सर्वांत लांब पट्टी 846 मीटरची, दुसरी 799 मीटरची आणि तिसरी 680 मीटरची. मुंबईची मुख्य धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे बॅराच्या तिन्ही पट्ट्या सलग जोडल्या तरी त्या तिच्यापुढे आखूडच. त्रिकोणाची आखणी वाऱ्यासाठी आहे. विमानाला उतरताना आणि उडताना समोरून वारा हवा असतो. अटलांटिकवरून येणारा वारा कधी कुठून वाहील याचा भरवसा नसल्यामुळे वैमानिकाला तीन पट्ट्यांच्या सहा दिशांतून निवड करता येते.

भरती आली की तिन्ही धावपट्ट्या पाण्याखाली जातात. म्हणून इथलं वेळापत्रक रोज बदलतं. कोकणातले मच्छीमार तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, कारण चंद्रामुळे भरती दररोज साधारण पाऊण तास पुढे सरकते. बॅराला हा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही, पण पाऊण तासाचं हे सरकणं तेच. सोमवारी दुपारी बाराला येणारं विमान शुक्रवारी बाराला येईलच असं नाही. तिथं विमानाच्या वेळा भरती-ओहोटीचं कोष्टक पाहून महिनेन् महिने आधी ठरवतात आणि तरीही ‘भरतीवर अवलंबून’ अशी अट त्यांना चिकटलेली असते. फोटो काढायला येणाऱ्याला हे आधी शिकावं लागतं. उधाण केव्हा, भांग केव्हा, पाणी कितपत मागे हटेल, वाळू ओली राहील की सुकेल, हे सगळं त्याला विमान दिसण्याआधीच ठाऊक हवं.

या पुळणीवर येणारं विमान म्हणजे ट्विन ऑटर. कॅनडाच्या डी हॅविलँड कंपनीचं हे विमान 1965 मध्ये पहिल्यांदा उडालं. उत्पादन 1988 मध्ये थांबलं, तोवर 844 विमानं तयार झाली होती. पुढे व्हायकिंग एअर या कंपनीनं ते नव्या रूपात पुन्हा बांधायला घेतलं. बॅराच्या मार्गावर 2015 मध्ये त्यातलीच दोन नवी विमानं आली. एकोणीस आसनांचं यंत्र, पूर्ण भरलेलं वजन साडेपाच टनांहून थोडं अधिक. पंख धडाच्या वर बसवलेले, त्यामुळे इंजिनं आणि पंखे वाळू-पाण्यापासून उंच राहतात. चाकं आत ओढली जात नाहीत. ती कायम खाली आणि दणकट. मोठ्या फ्लॅप्समुळे ताशी 130 ते 140 किलोमीटर इतक्या संथ वेगानंही ते सुखरूप उतरू शकतं. खारं पाणी मात्र धातूचा वैरी, म्हणून विमान गोड्या पाण्यानं धुऊन काढावं लागतं.

बेटाला या विमानाचं महत्त्व पर्यटकांपेक्षा फार वेगळं आहे. फेरीबोटीनं मुख्य भूमीवरच्या ओबानला जायला पाच तासांच्या आसपास लागतात, आणि हिवाळी वादळांत बोट अडते. विमानं एरवी दिवसाउजेडीच उतरतात. पण तातडीच्या रुग्णासाठी रात्री विमान बोलवावं लागलं, तेव्हा पुळणीवर गाड्यांचे दिवे लावून आणि प्रकाश परतवणाऱ्या पट्ट्या अंथरून ते उतरवलेलं आहे. धावपट्टीला दिवे नाहीत या साध्या नोंदीमागे एवढी मोठी गोष्ट दडलेली आहे.

कॅमेरे घेऊन इथं येणाऱ्यांचा हा विमानं न्याहाळण्याचा छंद ब्रिटनमध्ये रुजला तो दुसऱ्या महायुद्धात. आकाशातलं विमान आपलं की जर्मनीचं हे सामान्य माणसालाही ओळखता यावं, म्हणून 1941 मध्ये ‘द एरोप्लेन स्पॉटर’ हे नियतकालिक सुरू झालं. शाळकरी मुलं पंखांचा आकार, शेपटीची ठेवण, इंजिनांची संख्या पाठ करू लागली. 1942 मध्ये इयन ॲलन यांनी रेल्वे इंजिनांच्या क्रमांकांची छोटी पुस्तिका काढली आणि क्रमांक टिपत जाण्याची सवय लाखो मुलांना लागली. युद्ध संपल्यावर तीच सवय विमानतळांच्या कुंपणाशी येऊन उभी राहिली. 1948 मध्ये एअर-ब्रिटन ही अभ्यासकांची संस्था स्थापन झाली. प्रत्येक विमानाची जन्मतारीख, मालक, बदललेली नावं, अपघात, शेवटचा मुक्काम हे सारं ती आजही नोंदवून ठेवते.

स्पॉटरच्या, म्हणजे विमानं न्याहाळणाऱ्याच्या, वहीत मुख्य असतो तो नोंदणी क्रमांक. मोटारीच्या पाटीसारखा तो विमानाच्या शेपटीजवळ रंगवलेला असतो. ब्रिटिश विमानांचा ‘जी’पासून सुरू होतो, अमेरिकी विमानांचा ‘एन’पासून, भारतीय विमानांचा ‘व्हीटी’पासून. हीथ्रोसारख्या गजबजलेल्या विमानतळावर दिवसाला शेकडो क्रमांक वहीत चढतात. तिथं छंदाची मजा मोजदादीत असते: आज किती नवे मिळाले, कोणतं दुर्मीळ आलं, रंगरंगोटी कुणाची बदलली.

बॅराला ही मोजदाद दोन फेऱ्यांत संपते. नवी दोन विमानं दाखल झाली तेव्हा त्यांचे क्रमांक होते जी-एचआयएएल आणि जी-एसजीटीएस. दोन्ही दिसली की यादी पूर्ण. तरीही माणसं थांबतात, पुढच्या ओहोटीची वाट पाहतात, पुढच्या वर्षी परत येतात. शांत विमानतळाचं मोल इथं उमगतं. एकच विमान पुन्हा पुन्हा पाहायचं असेल, तर नजर विमानाभोवतीच्या गोष्टींकडे वळते. वारा कोणत्या पट्टीला धरून आहे, वैमानिकानं वळण कुठं घेतलं, चाकं पाण्याच्या पातळ थरात टेकली की कोरड्या वाळूत, हे दिसायला लागतं. गर्दीच्या विमानतळावर जे निसटतं ते इथं विपुल मिळतं, आणि तेच या छंदाचं खरं धन आहे.

फोटोग्राफरच्या दृष्टीनं ही पुळण अवघड आहे. ती पूर्वेकडे उघडते आणि टर्मिनल, रस्ता, पाहणाऱ्यांची जागा हे सारं पश्चिमेच्या अंगाला. सकाळी ऊन समुद्रावरून थेट लेन्समध्ये येतं आणि विमानाची काळी आकृती तेवढी मिळते. दुपार कलली की सूर्य पाठीशी येतो आणि विमानावरचे रंग, क्रमांक, खिडक्या स्पष्ट होतात. पण दुपार कलण्याची वेळ आणि ओहोटीची वेळ जुळायला हवी. हे जुळणारे दिवस महिन्यात मोजके असतात आणि त्यांतले काही ढग खाऊन टाकतात.

मग पंख्याचा प्रश्न. जेट विमानाचा फोटो सेकंदाच्या 2000 व्या भागात घेतला तर चालतो. ट्विन ऑटरचा तसा घेतला तर पंखा गोठल्यासारखा दिसतो. विमान हवेत बंद पडलं आहे असं वाटतं. ट्विन ऑटरचा पंखा पूर्ण वेगात मिनिटाला 2200 फेरे घेतो. 2000 व्या भागात पातं जेमतेम 7 अंश फिरतं. शटरचा वेग सेकंदाच्या 125 व्या भागापर्यंत उतरवला, तर तेच पातं शंभराहून अधिक अंश फिरतं. पाती तीन, त्यांच्यातलं अंतर 120 अंशांचं, त्यामुळे जवळजवळ संपूर्ण चकती फोटोत उमटते आणि यंत्र जिवंत दिसतं. पण तेवढ्या वेळात विमानही फूटभर पुढे सरकतं. म्हणून कॅमेरा विमानाबरोबर, त्याच्याच गतीनं वळवत न्यावा लागतो. खांदे स्थिर, कंबर फिरती. समोरून वारा, हवेत मीठ, लेन्सच्या काचेवर बारीक थेंब. त्यातून एखादी चौकट धारदार येते.

आणि ती येते तेव्हा काय दिसतं? विमान खाडीवरून खाली येतं, मागची दोन चाकं आधी टेकतात आणि प्रत्येक चाकामागे पाण्याचा पांढरा तुरा उठतो. नाक हळूच खाली येतं. ओल्या वाळूत विमानाचं प्रतिबिंब उलटं धावत असतं. थोड्याच अंतरात वेग मरतो, विमान वळतं आणि टर्मिनलकडे येतं. दार उघडतं आणि प्रवासी थेट वाळूवर पाय ठेवतात. काही तासांनी चाकांच्या खुणांवर समुद्र चढतो. पुढच्या विमानाआधी कर्मचारी पुळण पुन्हा तपासतात.

बॅराला कॅमेरा घेतलेल्या माणसाकडे कुणी संशयानं बघत नाही. सगळीकडे असं नसतं. नोव्हेंबर 2001 मध्ये ग्रीसमधल्या कालामाता इथल्या हवाई तळावर 12 ब्रिटिश आणि 2 डच स्पॉटर पकडले गेले. हेरगिरीचा आरोप झाला, 2002 च्या एप्रिलमध्ये शिक्षा सुनावल्या गेल्या आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये अपिलात सगळे निर्दोष सुटले. विमानांचे क्रमांक वहीत लिहिणं हा छंद असू शकतो, हे न्यायालयाला पटवण्यात वर्ष गेलं. 2010 मध्ये दिल्ली विमानतळाजवळच्या हॉटेलात उतरलेल्या दोन ब्रिटिश स्पॉटरना अटक झाली. दंड भरून मायदेशी परतेपर्यंत त्यांना भारतात दोनेक महिने अडकून पडावं लागलं.

संशय घेणाऱ्या यंत्रणांचीही एक बाजू आहे. लष्करी तळ झाकले जाणारच. पण याच वह्यांनी लोकांचं मोठं कामही केलं आहे. अमेरिकी गुप्तचर संस्थेनं संशयितांना गुपचूप एका देशातून दुसऱ्या देशात नेलं, त्या उड्डाणांचा माग पत्रकारांनी काढला तो बराचसा स्पॉटरच्या नोंदींवरून. जानेवारी 2004 मध्ये स्पेनच्या पाल्मा विमानतळावर एका हौशी फोटोग्राफरनं एन-313-पी हा क्रमांक असलेलं बोईंग 737 टिपलं होतं. खालेद अल-मसरी या जर्मन नागरिकाला चुकीच्या ओळखीतून पकडून अफगाणिस्तानात नेलं गेलं, ते याच विमानातून. कुंपणाबाहेर उभं राहून काढलेला फोटो सार्वजनिक पुरावा ठरला.

महाराष्ट्राला पुळण आणि विमान यांचं नातं नवं नाही. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, ते पस मॉथ जातीच्या विमानातून. जुहूचं मैदान तेव्हा चिखलाचं होतं आणि पावसाळ्यातल्या मोठ्या भरतीला ते समुद्राच्या पातळीखाली जाई, अशी आठवण जे. आर. डी. सांगत. मग दोन विमानं आणि मोजके मेकॅनिक यांच्यासह सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलवला जाई. तिथं येरवड्याच्या तुरुंगाशेजारचं मैदान धावपट्टीचं काम देई.

आजही जुहूच्या चौपाटीवर मुलं मान वर करून सांताक्रूझहून उडालेली विमानं बघतात. पुण्याचं लोहगाव आणि गोव्याचं दाबोळी हे लष्करी तळ, तिथं कॅमेरा बाहेर काढता येत नाही हे ठीकच. पण महाराष्ट्रात नागरी आणि शांत विमानतळही आहेत. कोल्हापूरचा विमानतळ राजाराम महाराजांच्या काळातला. सिंधुदुर्गातल्या चिपीचा 9 ऑक्टोबर 2021 ला सुरू झाला. जांभ्या सड्यावर 2,500 मीटरची धावपट्टी आणि विमानं मोजकीच. ब्रिटनमधल्या मँचेस्टर विमानतळानं धावपट्टीलगत खास बाग उभारून तिथं एक निवृत्त कॉनकॉर्ड विमान ठेवलं आहे आणि लोक तिकीट काढून येतात. कोल्हापूरला किंवा चिपीला एवढा थाट नको. कुंपणाबाहेर एक उंचवटा, उन्हापावसाला शेड आणि फोटो कुठून काढायला परवानगी आहे हे मराठीत सांगणारी पाटी एवढं प्रशासनानं केलं, तरी आसपासच्या शाळांतली मुलं एटीआर विमानाचा सहा पात्यांचा पंखा आणि एम्ब्रेअर विमानाचं जेट इंजिन यांतला फरक स्वतःच्या डोळ्यांनी शिकतील. त्यांना लागेल ती एक शंभर पानी वही आणि चार रकाने: तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि ‘व्हीटी’च्या पुढची तीन अक्षरं.