भीतीचा घरगुती सण

ऑक्टोबर महिन्याच्या ३१ तारखेस अमेरिकेतील घराघरांच्या पायऱ्यांवर कोरलेले भोपळे मांडले जातात, अंधार पडताच त्यांत दिवे लागतात आणि चेटकिणी, सांगाडे, समुद्री चाचे अशी सोंगे घेतलेली मुले दारोदार फिरून गोळ्या-चॉकलेटे जमवू लागतात. हॅलोवीनची आपणांस चित्रपटांतून व दुकानांतून झालेली ओळख ती एवढीच. त्यामुळे मिठाई व पोशाख विकणाऱ्यांनी उभा केलेला हा एक बाजार होय, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. त्यात बाजार आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि त्या बाजाराखाली एक जुना घरगुती सण आहे, आणि ज्या घरात तीन-चार वर्षांचे मूल आहे त्या घरासाठी तो आजही निरर्थक झालेला नाही. लहान मुलाची भीतीशी पहिली ओळख कोणी आणि कशी करून द्यावी, हा त्या सणाच्या मुळाशी असलेला प्रश्न होय.

सणाच्या नावातच त्याचा इतिहास आहे. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती परंपरेत सर्व संतांचा दिवस, २ नोव्हेंबर हा मृतात्म्यांच्या स्मरणाचा. त्यांच्या पूर्वसंध्येस, म्हणजे संतांच्या आदल्या रात्रीस, हॅलोवीन हे नाव पडले. आयर्लंड व स्कॉटलंड येथे त्याही आधीपासून याच सुमारास ‘साउइन’ नावाचा ऋतुसंधीचा सण होता. सुगी संपलेली, गुरे उन्हाळी कुरणांवरून खाली आणलेली, आणि पुढे हिवाळ्याचा दीर्घ अंधार. अशा रात्री इहलोक व परलोक यांतील पडदा विरळ होतो, ही तेथील लोकांची समजूत. ज्या समाजात सर्वपित्री अमावास्येला पितरांसाठी पान वाढले जाते, त्याला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही.

ही रात्र साजरी होई ती मुख्यतः घरात, चुलीभोवती. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स याने १७८५ साली लिहिलेल्या ‘हॅलोवीन’ या दीर्घ कवितेत शेतकरी कुटुंबांतील असे अनेक प्रकार नोंदलेले आहेत. कठीण कवचाची दोन फळे निखाऱ्यांवर शेजारी शेजारी ठेवावयाची. ती शांतपणे जळली तर त्या जोडप्याचा संसार सुखाचा, आणि एक उडून दूर पडले तर काडीमोड ठरलेला! आयर्लंडमध्ये मनुके घातलेल्या गोड पावात अंगठी दडवून तो कापीत. ज्याच्या तुकड्यात ती निघे, त्याचे लग्न वर्षाच्या आत होणार असे मानीत. डॅनियल मॅक्लीस हा आयरिश चित्रकार १८३२ साली ब्लार्नी येथील एका धर्मगुरूच्या हॅलोवीनच्या मेजवानीस हजर होता. तेथे पाहिलेले दृश्य त्याने पुढील वर्षी चित्रात उतरविले. एकाच छपराखाली नाचणारे, भविष्य पाहणारे, दोरीला टांगलेले सफरचंद हात न लावता दातांनी पकडू पाहणारे, आणि पाण्याच्या टबात तरंगणाऱ्या सफरचंदांसाठी तोंडे बुडविणारी मुले, असा तो मेळा आहे. भुताखेतांच्या रात्रीचे हे चित्र असूनही त्यात हास्यविनोद ओसंडून जात आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

भेसूर चेहरे कोरण्याची रीत आयर्लंड-स्कॉटलंडमधीलच. फक्त तेथे भोपळ्याऐवजी सलगमाचा गड्डा वापरीत. आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात डोनेगल परगण्यातील अशा एका सलगमाचा प्लास्टरचा ठसा जपून ठेवलेला आहे. खोल डोळे व विचकलेले दात असलेला तो इवलासा चेहरा आजच्या कोणत्याही भोपळ्याहून अधिक भयाण दिसतो. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात लक्षावधी आयरिश लोक देश सोडून अमेरिकेस गेले. तेथील भोपळा आकाराने मोठा व कोरण्यास सोपा. तेव्हा सलगमाची जागा त्याने घेतली.

अमेरिकेच्या शहरांत मात्र हा सण चुलीपासून रस्त्यावर आला. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत हॅलोवीनची रात्र म्हणजे तरुण पोरांच्या दांडगाईची रात्र बनली. फाटके उखडणे, दिवे फोडणे, खिडक्यांना साबण फासणे हे प्रकार १९३० च्या मंदीच्या काळात विकोपाला गेले. त्या वेळी अनेक गावांतील वडीलधाऱ्यांनी योजिलेला उपाय केवळ पोलिसी बंदोबस्ताचा नव्हता. शेजारच्या चार घरांनी मिळून मुलांना बोलवावे, एका घरी खाऊ, दुसऱ्या घरी खेळ, तिसऱ्याच्या तळघरात भुताटकीचा देखावा, अशी व्यवस्था त्यांनी केली. ‘खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू’ ही मुलांची आरोळी याच सुमारास रूढ होत गेली. दुसऱ्या महायुद्धात १९४२ पासून १९४७ पर्यंत साखरेचे रेशनिंग होते, त्यामुळे ती काहीशी मंदावली. परंतु पुढे तिला उधाण आले. १९५० साली फिलाडेल्फियाजवळील मुलांनी दुधाच्या रिकाम्या खोक्यांतून युनिसेफसाठी नाणी जमविली, ती अवघी १७ डॉलर भरली, आणि त्यातून मदतनिधीचा एक मोठा उपक्रम उभा राहिला. दांडगाईचे रूपांतर शेजारधर्मात करण्याची ही किमया घरांनी दारे उघडली म्हणून साधली, लावून घेतली म्हणून नव्हे.

हीच दारे पुढे धास्तीने किलकिली होऊ लागली. १९७४ साली टेक्सासमध्ये हॅलोवीनच्या रात्री आठ वर्षांचा एक मुलगा गोड भुकटीत मिसळलेल्या सायनाइडमुळे दगावला. १९८२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शिकागो परिसरात वेदनाशामक कॅप्सूलांत कोणी विष भरल्याने सात माणसे मृत्युमुखी पडली, आणि महिन्याभरातच हॅलोवीन आला. भेदरलेले आईबाप मुलांच्या पिशव्या उलट्या करून एकेक गोळी तपासू लागले; काही रुग्णालयांनी तर त्या गोळ्यांची क्ष-किरण तपासणी करून देण्याची सोय केली. सफरचंदात दडविलेल्या ब्लेडची गोष्ट तर घरोघरी पोहोचली होती.

समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९८५ साली एका सहकाऱ्यासह या भीतीचा माग काढला. १९५८ पासूनच्या वृत्तपत्रीय नोंदी त्यांनी तपासल्या. कोणा अनोळखी माणसाने वाटलेल्या खाऊमुळे मूल दगावल्याची किंवा गंभीर जखमी झाल्याची एकही सिद्ध घटना त्यांना सापडली नाही. आणि टेक्सासमधील तो मुलगा? त्याला विष देणारा त्याचा स्वतःचा बाप होता. मुलाच्या विम्याच्या रकमेवर त्याचा डोळा होता, आणि अनोळखी घरावर आळ जाईल हा त्याचा हिशेब होता. न्यायालयाने त्याला मृत्युदंड दिला व १९८४ साली त्याची अंमलबजावणी झाली. शेजाऱ्याविषयीचा संशय त्या खुन्याला आयताच मिळाला होता, याहून विदारक गोष्ट कोणती?

खरा धोका वेगळ्याच ठिकाणी होता. अमेरिकेतील १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांच्या अपघातांच्या नोंदींचा अभ्यास २०१९ साली एका बालवैद्यक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हॅलोवीनच्या सायंकाळी पादचाऱ्यांच्या मृत्यूचा धोका आधीच्या व नंतरच्या आठवड्यातील त्याच वाराच्या सायंकाळपेक्षा ४३ टक्क्यांनी अधिक असतो आणि चार ते आठ वर्षांच्या मुलांच्या बाबतीत ही वाढ सर्वांत मोठी असते, असे त्यात दिसून आले. म्हणजे आईबाप गोळीचे वेष्टन निरखीत होते, आणि काळ भरधाव मोटारीच्या रूपाने रस्त्यावर उभा होता. भीतीला विवेकाची जोड नसली की ती चुकीच्या दारावर पहारा देते, याचे हे बोलके उदाहरण होय.

२०२० साली करोनाच्या साथीने हा सण पुन्हा घरात नेला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने दारोदार फिरण्याची गणना अधिक जोखमीच्या प्रकारांत केली, आणि घरच्या माणसांसह भोपळे कोरणे, घरातच दडविलेला खाऊ मुलांनी शोधणे हे प्रकार सुरक्षित ठरविले. ती सक्ती होती खरी. परंतु त्या निमित्ताने अनेक कुटुंबांना जुन्याच गोष्टी नव्याने सापडल्या. भोपळा कोरताना सुरी मोठ्यांच्या हाती असावी. आतला गर आणि बिया उपसण्याचे काम लहानग्यांचे. त्या बिया धुऊन, मीठ लावून भाजल्या की रात्रीचा खाऊ तयार! जुनी चादर, कोळशाच्या मिशा, पुठ्ठ्याची टोपी एवढ्या सामग्रीवर घरातले सोंग उभे राहते. पाण्यातील सफरचंदांच्या खेळाला तर एक घमेले पुरे. फक्त मोठे माणूस शेजारी बसलेले हवे.

याहून महत्त्वाची गोष्ट मुखवट्याची. ऱ्हेटा डीव्ह्रीस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६९ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात मननीय आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना त्यांनी मेनार्ड नावाचा एक गरीब बोका दाखविला. मग मुलांना बोक्याची मागची बाजू दिसत असतानाच त्याच्या तोंडावर कुत्र्याचा मुखवटा चढविला आणि विचारले, हा आता कोण? तीन वर्षांच्या अनेक मुलांच्या मते तो खरोखरीच कुत्रा झाला होता. सहा वर्षांच्या मुलांनी मात्र मुखवटा घातलेला बोका ओळखला. मोठ्यांना जे सोंग म्हणून गंमतीचे वाटते, ते तीन वर्षांच्या मुलाला रूपांतर वाटू शकते. मुखवटा घालून अचानक पुढ्यात येणारा बाप त्या क्षणी त्याचा बाप उरलेला नसतो. मूल किंकाळी फोडते तेव्हा ते भित्रे नसते. त्याच्या वयाला अनुसरून ते अगदी तर्कशुद्ध वागत असते.

यावरून घरातील हॅलोवीनची रीत आपोआप ठरते. मुखवटा मुलाच्या देखत चढवावा व मुलाच्या देखत उतरवावा. तो त्याच्या हाती द्यावा, आतली बाजू दाखवावी, आरशासमोर त्यालाच घालू द्यावा. भोपळ्याचे भयंकर दात त्याने स्वतः पेन्सिलीने आखावेत. मग दिवा लागल्यावर जो चेहरा अंधारात हसेल, तो त्याच्याच हातचा असेल. भीती घरच्यांच्या मांडीवर बसून, स्वतःच्या बेताने पाहता आली तर तिचा खेळ होतो. तीच अवचित अंगावर सोडली तर जखम होते. मूल ‘नको’ म्हणाले तर सण तेथेच थांबविण्याची तयारी मोठ्यांपाशी हवी.

येथे आपल्याकडील एका सवयीचे स्मरण होते. मूल जेवत नाही, झोपत नाही, की आपण बागुलबुवाला हाक मारतो. तो बागुलबुवा मोठ्यांच्या हुकमतीत असतो आणि मुलाला गप्प बसविण्यासाठी येतो. त्याचा चेहरा मुलाला कधीच पाहावयास मिळत नाही. हॅलोवीनच्या रात्री नेमके उलट घडते: मूल स्वतःच बागुलबुवा होते, मोठी माणसे दचकल्याचे सोंग करतात आणि वर खाऊ देतात. वर्षातून एकदा का होईना, भीतीची दोरी लहानांच्या हाती दिली जाते. अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलांच्या वाट्याला तर दोन्ही परंपरा येतात. २०२४ साली ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी होती. पहाटे पायाखाली कारीट फोडून नरकासुर मारावयाचा आणि सायंकाळी राक्षसाचे सोंग घ्यावयाचे, असा योग एकाच दिवशी आला. आपण त्यात विसंगती शोधू. मुलांना ती जाणवण्याचे कारण नाही. दोन्ही ठिकाणी अंधाराला सामोरे जाणे आहे, आणि दोन्ही ठिकाणी दिवा आहे.

तेव्हा लहान मुलांचा हॅलोवीन घरात सुरू व्हावा, हे योग्यच आहे. परंतु तो घरात संपू नये. भोपळ्यात दिवा लागला की वडीलधाऱ्याचे बोट धरून, उजेडाचा रस्ता पाहून, मुलाने ओळखीच्या दोन-चार दारांपर्यंत तरी जावे. आणि आपल्या दारी आलेल्या दुसऱ्याच्या मुलाला खाऊ देण्यासाठी दार उघडण्याचा मान त्यालाच मिळावा. भुताला भिण्याचे वय लवकर सरते. शेजाऱ्याला भिण्याची सवय मात्र एकदा लागली की जन्मभर सुटत नाही, आणि ती मुलांना लागते ती मोठ्यांपासूनच.